दहा मिनिटांच्या आकाशातली गर्दी

जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात असताना ४ तारखेला बेंगळूरुच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात जमलेल्या विद्यार्थ्यांशी बोलले, ते हॅम रेडिओवरून. मुलांनी काय विचारले आणि शुक्लांनी काय सांगितले हे सर्वांनी वाचले. अशा संवादाला वेळ किती मिळतो, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाणारे हे स्थानक एखाद्या गावाच्या क्षितिजावर उगवते आणि पलीकडे मावळते ते जेमतेम दहा मिनिटांत. या दहा मिनिटांत भलत्याच कोणी उत्साहाच्या भरात त्याच वारंवारतेवर बटण दाबले, तर रांगेत उभ्या असलेल्या मुलाची पाळी गेली ती गेलीच. शाळांशी होणाऱ्या अशा संवादांत जमिनीवरून वर बोलण्याची वारंवारता जाहीरच केली जात नाही, ती याच भीतीपोटी. बाकीच्या हौशी मंडळींनी फक्त ऐकावे, अशी विनंती असते.

रेडिओतील व्यत्यय म्हटला की डोळ्यांसमोर शत्रूने केलेले जॅमिंग येते. हौशी रेडिओच्या उपग्रहांचे नेहमीचे दुखणे ते नव्हे. ते घरचेच आहे. परवाना असलेली, हेतू स्वच्छ असलेली माणसे चुकीच्या क्षणी बोलतात आणि दुसऱ्याचे बोलणे मारतात. त्यावर जास्त वॅटचे यंत्र घेणे हा उपाय नाही. तो रोग वाढवण्याचा मार्ग आहे. तरीही नवख्या हॅमचा पहिला खर्च होतो तो बहुधा ताकदीवर. चांगल्या ग्राहक अँटेनाचा विचार नंतर, आणि घड्याळाचा तर कधीच नाही.

पहिल्या हौशी उपग्रहाला ही अडचण नव्हती. १२ डिसेंबर १९६१ रोजी सोडलेला ऑस्कर-१ जेमतेम साडेचार किलोंचा होता आणि बॅटरी संपेपर्यंत, म्हणजे सुमारे तीन आठवडे, मोर्समध्ये ‘हाय’ एवढेच म्हणत राहिला. त्याला तोंड होते, कान नव्हते. त्यामुळे भांडणाचा प्रश्नच आला नाही. १९६५ च्या ऑस्कर-३ मध्ये ट्रान्सपाँडर बसला, म्हणजे जमिनीवरून आलेले ऐकून ते पुन्हा खाली पाठवण्याची सोय झाली. तेव्हापासून आकाशातल्या त्या एका कानात एकाच वेळी किती जणांनी बोलायचे, हा प्रश्न कायमचा मागे लागला.

जमिनीवरच्या रेडिओत एक सभ्य रीत आहे: आधी ऐकायचे, वारंवारता मोकळी असेल तरच बोलायचे. उपग्रहाच्या बाबतीत ही रीत जशीच्या तशी लावली तर ती फसवते. ४०० किलोमीटर उंचीवरून दिसणाऱ्या पृथ्वीच्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे २,२०० किलोमीटर भरते. स्थानक नागपूरच्या डोक्यावर असेल तेव्हा कराची, कोलंबो, काठमांडू आणि यांगून ही सारी शहरे त्याच्या टापूत असतात. पुण्याच्या हॅमला गुवाहाटीच्या हॅमचा व्हीएचएफ सिग्नल थेट कधीच ऐकू येणार नाही. मध्ये पृथ्वीचा फुगवटा आहे. उपग्रहाला मात्र दोघेही सारख्याच स्पष्टपणे ऐकू येतात. वर जाण्याची, म्हणजे अपलिंकची, वारंवारता पुण्यात शांत वाटते म्हणून ती मोकळी आहे असे अजिबात नाही. ती मोकळी आहे की नाही हे सांगू शकेल असा साक्षीदार एकच, तो म्हणजे उपग्रहाकडून खाली येणारा आवाज. तो ज्याला ऐकू येत नाही, त्याने बोलू नये. या एका नियमात अर्धा विषय संपतो. दुर्दैवाने अनेकांना उपग्रह ऐकू येत नाही तेव्हा ते गप्प बसत नाहीत. आपले कोणी ऐकत नाही असे समजून ते आणखी जोर लावतात, पुन्हा पुन्हा हाक मारतात आणि शेवटी उपग्रहच बिघडला आहे, असा निष्कर्ष काढतात. नाचता येईना, अंगण वाकडे.

एकाच वाहिनीच्या एफएम उपग्रहावर हा प्रकार फार महागात पडतो. एफएममध्ये दोन सिग्नल एकत्र आले की जोरदार सिग्नल दुबळ्याला गिळून टाकतो. दोघे तुल्यबळ असले तर नुसती शिट्टी आणि खरखर ऐकू येते. उदाहरण सौदी अरेबियाच्या एसओ-५० या उपग्रहाचे. डिसेंबर २००२ मध्ये सोडलेल्या या उपग्रहाने वीस वर्षांहून अधिक काळ हातातल्या छोट्या संचांनी बोलणाऱ्या हॅम मंडळींची सोय केली. त्याच्यावर बोलताना आवाजाखाली ६७ हर्ट्झचा सूर मिसळावा लागतो, म्हणजे भटके सिग्नल आपोआप गाळले जातात. शिवाय वीज वाचवण्यासाठी त्यात दहा मिनिटांचा टायमर आहे. कोणी ७४.४ हर्ट्झचा सूर पाठवला की दहा मिनिटे ट्रान्समीटर जागा होतो, मग पुन्हा झोपतो. आता कल्पना करावी: उपग्रह क्षितिजावर आला आहे, टायमर संपलेला आहे आणि वीस जण तो सुरूच आहे असे समजून बोलत आहेत. कोणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून सारेच बोलत राहतात. ज्याला जागे करण्याचा सूर पाठवायचा आहे, त्याचा सूरही याच गोंधळात बुडतो. अशा वेळी फेरीची पहिली दोन-तीन मिनिटे वाया जाऊ शकतात, आणि फेरीत एकूण मिनिटे असतात तरी किती?

दुसरी एक चूक इतकी साधी आहे की ती सांगताना संकोच वाटावा. अवकाश स्थानकातील अंतराळवीरांचा आवाज खाली येतो १४५.८०० मेगाहर्ट्झवर. वर बोलण्याची वारंवारता वेगळी आहे. भारत ज्या तिसऱ्या विभागात येतो तिथे ती १४४.४९० मेगाहर्ट्झ आहे. आवाज ऐकू आल्यावर उतावीळपणे १४५.८०० वरच उत्तर देणारा माणूस अंतराळवीराला ऐकू जात नाहीच, पण आसपासच्या पंचवीस-तीस किलोमीटरमध्ये जे कोणी कान लावून बसले आहेत त्यांच्यासाठी तो स्थानकाचा आवाज बुडवतो. शेकडो किलोमीटरवरून आलेल्या क्षीण लहरीपुढे शेजारच्या गच्चीवरचा पाच वॅटचा हातसंच म्हणजे कानाशी वाजणारा ताशा.

डिजिटल संदेशांत माणसाचा उतावीळपणा नसतो, यंत्र ठरल्याप्रमाणे संदेश पाठवते; मग तिथे तरी गर्दी आटोक्यात असेल, असे वाटते. तिथले गणित उलट अधिक निष्ठुर आहे. १९७० च्या सुमारास हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले आणि त्या ‘अलोहा’ जाळ्याचे गणित मांडले. कोणीही केव्हाही संदेश पाठवायचा, टक्कर झाली तर पुन्हा पाठवायचा, असा साधा नियम. अशा व्यवस्थेत वाहिनीच्या वेळेपैकी जास्तीत जास्त १८.४ टक्के वेळच सत्कारणी लागतो, कारण एक सेकंदाच्या संदेशाला त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन सेकंदांत सुरू झालेला कोणताही दुसरा संदेश मारू शकतो. स्थानकावरून १४५.८२५ मेगाहर्ट्झवर चालणारी एपीआरएस ही छोट्या संदेशांची सेवा याच जातीची आहे. वेग सेकंदाला १,२०० बिट. म्हणजे एक संदेश सुमारे एक सेकंद खातो. दहा मिनिटांच्या फेरीत ६०० सेकंद. सर्वांनी मिळून ३०० संदेश पाठवले तर गणिताप्रमाणे सुमारे ११० पोहोचतात. पाठवणाऱ्यांनी अधीर होऊन ६०० पाठवले तर पोहोचणारे उतरतात ८१ वर. आणि संदेश पोहोचत नाहीत म्हणून सर्वांनी यंत्राला आणखी वारंवार पाठवण्याची आज्ञा दिली, एकूण १,२०० संदेश गेले, तर त्यांतले पोहोचतात २२. प्रत्यक्षात जोरदार सिग्नल थोडे जास्त निसटतात, त्यामुळे आकडे काहीसे बरे दिसतील. पण दिशा तीच राहते. आपत्तीच्या वेळी सारे जण एकदम संदेश पाठवू लागतात. नेमके तेव्हाच हे गणित सर्वांत क्रूर होते. पूरग्रस्त गावातून ‘औषधे हवीत’ एवढे पाठवू पाहणारा आणि उगाच दर दहा सेकंदांनी आपली जागा कळवणारा हौशी, या दोघांत उपग्रह भेद करत नाही.

घड्याळाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. खालच्या कक्षेतला उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर जातो. तो कधी उगवेल, कुठून जाईल हे संगणक दोन ओळींत लिहिलेल्या कक्षेच्या आकड्यांवरून काढतो. आकडे जुने असतील तर उत्तर चुकते, विशेषतः स्थानकाच्या बाबतीत, कारण त्याला अधूनमधून इंजिन पेटवून वर ढकलावे लागते. आकडे ताजे, पण संगणकाचे घड्याळ वीस सेकंद मागे, असे असले तरी उपग्रह अपेक्षेपेक्षा दीडशे किलोमीटर पुढे निघून गेलेला असतो. हातात धरलेल्या अँटेनाला एवढी चूक एकवेळ चालून जाईल. डॉप्लरला चालत नाही. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी चढी आणि दूर जाणाऱ्या गाडीची उतरती लागते, तोच हा परिणाम. १४५ मेगाहर्ट्झला वारंवारता साडेतीन किलोहर्ट्झ इकडे-तिकडे सरकते, ४३७ मेगाहर्ट्झला दहा किलोहर्ट्झ. स्थानकाच्या उंचीवरून जाणारा उपग्रह डोक्यावर असताना ४३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हे सरकणे सेकंदाला सुमारे २०० हर्ट्झ होते. म्हणजे घड्याळ दहा सेकंद चुकीचे असलेल्या संगणकाने आपोआप दुरुस्त केलेली वारंवारता दोन किलोहर्ट्झने चुकणार. सिंगल साइडबँडवरच्या बोलण्यासाठी दोनशे हर्ट्झची चूकही आवाज बिघडवायला पुरते. वेळेतली चूक इथे थेट वारंवारतेतली चूक होते, आणि वारंवारतेतली चूक म्हणजे शेजाऱ्याच्या संभाषणावर जाऊन बसणे. घड्याळ इंटरनेटवरून लावून घेण्याला पैसे पडत नाहीत.

भारताने या क्षेत्रात एक मोलाचे काम केले होते. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी६ ने कार्टोसॅट-१ च्या सोबत हॅमसॅट हा साडेबेचाळीस किलोंचा उपग्रह सोडला. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानातून बाहेरच्या जगाशी संपर्क ठेवण्यासाठी हॅम मंडळींनी काय केले हे तेव्हा ताजे होते. हॅमसॅटवर दोन ट्रान्सपाँडर होते, एक भारतीय आणि एक विल्यम लायनार या डच अभियांत्रिकी विद्यार्थ्याने बनवलेला. वर बोलायचे ४३५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, खाली ऐकायचे १४५ च्या पट्ट्यात. ६० किलोहर्ट्झ रुंदीच्या जागेत एकाच वेळी अनेक संभाषणे चालायची. ट्रान्सपाँडर पट्टा उलटा करून पाठवत असे, त्यामुळे जातानाचा आणि येतानाचा डॉप्लर एकमेकांतून काही अंशी वजा होई. हे डोके वापरणाऱ्या अभियंत्यांना दाद द्यायला हवी. पण या सगळ्याला ताकद होती सुमारे एक वॅटची, आणि ती बोलणाऱ्या सर्वांत वाटली जायची. एकाने शंभर वॅटचा भोंगा लावला की त्याचा वाटा फुगतो आणि बाकीच्यांचे आवाज क्षीण होतात. जुलै २०१४ मध्ये बॅटरी निकामी होऊन हॅमसॅटचे काम थांबले. तोवर नऊ वर्षे झाली होती.

ताकदीच्या या हव्यासाचा सर्वांत विचित्र नमुना एओ-७ वर ऐकायला मिळतो. नोव्हेंबर १९७४ मध्ये सोडलेला हा उपग्रह १९८१ मध्ये बॅटरी शॉर्ट होऊन मेला आणि २१ जून २००२ रोजी पुन्हा बोलू लागला. बॅटरीतला शॉर्ट सुटला आणि सौरपट्ट्यांची वीज थेट यंत्रांपर्यंत पोहोचू लागली. बॅटरीचा आधार नसल्याने तो ऊन असेल तेवढाच जिवंत. कोणी फार जोरात बोलले की आतला विद्युतदाब कोसळतो आणि त्या एकाच्या शब्दाशब्दाबरोबर पट्ट्यातल्या सर्वांचे आवाज थरथरू लागतात. याउलट २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये सोडलेल्या एस्हेल-२ या कतारच्या भूस्थिर उपग्रहावरील हौशी ट्रान्सपाँडरवर, म्हणजे क्यूओ-१०० वर, ‘लैला’ नावाचा रखवालदार ठेवला आहे. उपग्रहाच्या स्वतःच्या खुणेच्या सिग्नलपेक्षा कोणी जोरात बोलले, की ही लैला त्याच्या वारंवारतेवर भोंगा वाजवते. नियम छापून भागले नाही, तेव्हा शेवटी भोंगा लावावा लागला.

हे सारे उपग्रहावर बोलणाऱ्यांचे. ऐकणाऱ्यांच्या घरातला गोंगाट वेगळाच आहे. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, गच्चीवरच्या सौरपट्ट्यांचे हलक्या प्रतीचे इन्व्हर्टर हे सारे रेडिओ लहरी ओकत असतात, आणि उपग्रहाचा दुबळा सिग्नल त्या धुरळ्यात दिसेनासा होतो. काही वेळा दोष हॅमच्या स्वतःच्याच टेबलावर असतो. १४५.८५० मेगाहर्ट्झची तिप्पट ४३७.५५० मेगाहर्ट्झ होते. एसओ-५० वर बोलायचे १४५.८५० वर आणि ऐकायचे ४३६.७९५ वर. म्हणजे आपण बोलत असताना आपल्याच ट्रान्समीटरची तिसरी संवादी लहर ऐकण्याच्या वारंवारतेच्या अगदी शेजारी येऊन बसते आणि ग्राहक बधिर होतो. बोलताना स्वतःला ऐकू येत नाही ते यामुळे. मध्ये एक साधी चाळणी, म्हणजे फिल्टर, बसवला की पुष्कळ फरक पडतो. फिल्टरला नव्या ट्रान्समीटरसारखी चमक नसते, म्हणून तो विकत घेतला जात नाही, एवढेच.

परवाना नसलेल्यांचा प्रश्न आता मोठा होऊ पाहतो आहे. भारतात हौशी रेडिओचा परवाना परीक्षा देऊन मिळतो. १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे त्यात येतात. पण वॉकीटॉकी मात्र कोणत्याही कागदाविना घरपोच मिळत होते. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीबद्दल ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या, हे योग्यच झाले. ट्रेकिंगला किंवा बांधकामावर असा संच घेऊन जाणाऱ्याला आपण उपग्रहाच्या कानात बोलत आहोत याची कल्पनाही नसते. ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झमध्ये तर हौशी उपग्रहांना जागाच अटीवर मिळाली आहे: इतर सेवांना त्रास होता कामा नये, आणि झाला तर तो तत्काळ थांबवता आला पाहिजे. उपग्रह सोडण्यापूर्वीच त्याला गप्प करू शकणारी पुरेशी आज्ञा-केंद्रे जमिनीवर तयार हवीत, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. हा नियम विद्यार्थी उपग्रहांना सर्वांत जास्त टोचतो आणि त्यांनाच तो सर्वांत आवश्यक आहे.

महाराष्ट्राचा संबंध इथे थेट येतो. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा एक किलोहून हलका उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने गेला. हौशी रेडिओवरून एका ठिकाणचा संदेश दुसऱ्या ठिकाणी पोहोचवणे हे त्याचे काम होते. मुंबईच्या के. जे. सोमैया तंत्रज्ञान संस्थेचे ‘बिलीफसॅट-०’ हे हौशी रेडिओचे उपकरण १ जानेवारी २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी५८ च्या चौथ्या टप्प्यावर, म्हणजे ‘पोएम-३’ वर बसून गेले. अशा मोहिमांत पहिले दिवस सर्वांत नाजूक. एका रॉकेटमधून डझनांनी उपग्रह सुटले की (२०१७ च्या फेब्रुवारीत पीएसएलव्ही-सी३७ ने तर १०४ सोडले) ते सारे काही काळ एकाच झुंडीत फिरतात आणि रडारला दिसणारा कोणता ठिपका आपला, हे कळायला दिवस लागतात. क्यूबसॅटच्या मानकाप्रमाणे पेटीतून सुटल्यावर पहिली ४५ मिनिटे ट्रान्समीटर सुरू करायचा नाही. त्यानंतर जगभरचे हॅम कान लावून बसतात, सिग्नल कोणत्या सेकंदाला किती सरकला हे टिपतात आणि त्या वक्ररेषेवरून ठिपका ओळखून देतात. अचूक घड्याळ ठेवून मुकाट्याने ऐकणाऱ्या या माणसांशिवाय कित्येक विद्यार्थ्यांना आपला उपग्रह सापडला नसता.

आपल्या परवाना परीक्षेत रेडिओचे मूलतत्त्व आणि नियम तपासले जातात, वरच्या श्रेणीसाठी मोर्सही. त्यात उपग्रहाची एक प्रत्यक्ष फेरी ऐकून नोंदवणे घालायला काय हरकत आहे? उगवण्याची वेळ, मावळण्याची वेळ, ऐकू आलेली संकेतनामे, डॉप्लरने सरकलेली वारंवारता एवढेच लिहायचे. हॅम क्लबांनाही स्पर्धा भरवायची तर जास्त संपर्कांची न भरवता अशा नोंदींची भरवता येईल. आपत्तीच्या सरावांत तर एका जिल्ह्यातून किती केंद्रांनी उपग्रहावर बोलायचे आणि दर किती मिनिटांनी, याचे वेळापत्रक आधी ठरले पाहिजे. ३०० संदेशांतून ११० मिळवायचे की १,२०० मधून २२, हे त्या कागदावर ठरते. आणि पुढच्या वेळी एखादा पीएसएलव्हीचा टप्पा हॅमची उपकरणे घेऊन जाईल, तेव्हा कोणत्या वेळी कोणी बोलायचे आणि कोणी फक्त ऐकायचे हे उड्डाणापूर्वी जाहीर व्हावे. पोएम-३ सुमारे ऐंशी दिवस कक्षेत होता आणि २१ मार्च २०२४ रोजी वातावरणात जळून गेला. ऐंशी दिवस म्हणजे कोणत्याही एका गावाच्या वाट्याला रोजच्या काही फेऱ्या, आणि प्रत्येक फेरी फार तर दहा मिनिटांची.